बोटाने लावलेलं आभाळ

अक्काच्या उजव्या हाताच्या तर्जनीला ठसा नव्हता. जन्मतः होता, चारचौघांसारखाच. पण गेली तीस वर्षं ती रोज सकाळी चहाच्याही आधी खिडकीशी बसायची आणि टाचा घासायच्या दगडाने ते बोट घासून घासून गुळगुळीत करायची. सगळ्या जगाने टाचा घासाव्यात आणि हिने बोट! शेजारच्या शिंपिणीने एकदा विचारलं होतं, "अक्का, चोरीबिरी करायचा विचार आहे की काय?" अक्का म्हणाली, "चोरीच करते गं. आभाळ चोरते."

ती जादूच्या कंदिलाच्या काचा रंगवायची. ज्यांनी तो कंदील पाहिलेला नाही त्यांना एवढंच सांगितलं तरी पुरे, की ती एक पत्र्याची पेटी असते. आत दिवा, पुढे पितळेच्या नळीत भिंग, आणि दोघांच्या मधल्या फटीत उलटी सरकवायची एक रंगवलेली काच, तळहातावर मावेल एवढी. समोर पांढरा पडदा. दिवा पेटला की तळहातावरचं गलबत पडद्यावर घराएवढं होतं. राईचा पर्वत करणं हा माणसाच्या अंगचा दुर्गुण. कंदिलाचा तो धंदाच. पण पर्वत व्हायचा तो रंगाचा होतो तसा चुकीचाही होतो. काचेवर धुळीचा कण राहिला तर पडद्यावर घुबड बसतं. कुंचल्याचा केस चिकटला तर राजवाड्याच्या दारात अजगर पसरतो. म्हणून अक्का कधी लोकरीचं पांघरूण अंगावर घ्यायची नाही, रंग ओला असताना खोलीत कुणाला शिंकू द्यायची नाही, आणि वाळत घातलेल्या काचांवर काचेचीच हंडी पालथी घालायची. एवढं करूनही दोष राहिलाच तर तिच्याजवळ एक छोटी हातोडी असे. दोष दिसला की काच फडक्यात गुंडाळायची आणि एक ठोका. "पुसून परत लाव की," असं कुणी म्हटलं तर ती म्हणायची, "पुसलेलं पडद्यावर दिसतं."

या कामात पांढरा रंग नसतो. पांढरा फासला की उजेड अडतो आणि पडद्यावर काळा डाग पडतो. बर्फ हवा असेल तर काच कोरी सोडायची. चांदण्या हव्या असतील तर वाळलेल्या निळ्यातून सुईने टोचून काढायच्या. आणि आभाळ? आभाळ कुंचल्याने होत नाही, रेघा राहतात. ते बोटाने लावायचं. रंगाचा थेंब काचेवर सोडायचा आणि तर्जनीच्या टोकाने ठोकत ठोकत पसरवायचा, वर गडद, खाली फिका, क्षितिजाशी नुसती हूल. त्या बोटाला ठसा असेल तर त्याच्या रेघा आभाळात उतरतात. म्हणून तो दगड.

हे सगळं तिला बाबांनी शिकवलं. बाबांच्या बापाचा कंदील तेलाच्या दिव्यावर चालायचा, आणि असा धुरकटायचा की त्यावर फक्त भुतं दाखवावीत. आजोबा ती धुरावरच दाखवायचे म्हणे. शेगडीतून धूर सोडायचा, त्यावर चित्र पाडायचं, धूर हलला की भूत हलायचं आणि पहिल्या रांगेतली माणसं दाराकडे पळायची. बाबांच्या काळात रॉकेलचा तीन वातींचा दिवा आला. धाकट्या भावाच्या काळात चुन्याची कांडी आली: दोन वायूंची ज्योत कांडीवर सोडली की ती पांढरीफेक तापते आणि असा उजेड पडतो की डोळे दिपावेत. आणि आता गावाबाहेरच्या मैदानात तंबू लागला होता. तिथे चित्रं आपली आपणच हलत. कंदिलाच्या खेळाला खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या, काचांची मागणी वर्षाला दोनशेवरून पंधरावर आली, आणि अक्काच्या डोळ्यांनीही नेमका तोच मुहूर्त धरला.

डावा आधीच गेला होता. उजव्यात मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरने शस्त्रक्रियेसाठी गुरुवार दिला.

"दिसायला लागेल?" अक्काने विचारलं.

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे किती?"

डॉक्टर तरुण होता, खोटं बोलायला अजून शिकला नव्हता. "दहातल्या सात जणांना दिसतं, आजी."

"आणि उरलेले तिघं?"

डॉक्टरने टाक पुसायला घेतला.

घरी आल्यावर पायातलं काढायच्या आधीच धाकट्या भावाला म्हणाली, "गुरुवारच्या आत मला खेळ बघायचा आहे."

हे ऐकून कुणालाही वाटेल की म्हातारीला करमणूक हवी झाली. तसं नव्हतं. अक्काने तीस वर्षांत अडीच-तीन हजार काचा रंगवल्या होत्या आणि त्यातली एकही पडद्यावर पाहिली नव्हती. एकही नाही! स्वयंपाक्याने जन्मभर रांधावं आणि जिभेवर कण ठेवू नये, तसं. लग्न होऊन वीस वर्षांनी ती माहेरी परतली तेव्हा बाबा अंथरुणाला खिळलेले होते आणि कंदील पेटीत बंद होता. पुढे धाकटा खेळ घेऊन गावोगाव जाऊ लागला, त्या महिन्यांत आईला सांभाळायला घरी कोण? अक्का. आई अकरा वर्षं झोपून होती. आई गेल्यावर मागण्या वाढल्या, धाकटा बाहेरगावाहून तार करायचा, 'तडा गेला, नवी पाठव', मग बसा. दरवर्षी तो म्हणायचा, "अक्का, पुढच्या हंगामात तुला नक्की." पुढचा हंगाम आला की पुढचा हंगाम.

धाकटा उंचापुरा, पोट सुटलेला, आणि आवाजाचा असा की सगळे त्याला भोंगा म्हणत. खेळात चित्रांची गोष्ट सांगायचं काम त्याचं. तो कानात कुजबुजला तर गल्लीला कळायचं. असा माणूस त्या दिवशी खाली बघत हळूच म्हणाला, "गुरुवारनंतर बघ की. डोळा चांगला झाल्यावर. नीट दिसेल."

"आणि नाही झाला तर?"

"असं अभद्र बोलू नये."

"मी बोलत नाहीये, डॉक्टर बोलला. दहातले तीन. मला आकडे कळतात."

"अगं पण हॉल... कांडी... वायूच्या पिशव्या..."

त्याची बायको दारात काचांच्या पेट्या पुसत उभी होती. ती म्हणाली, "अहो, मंगळवार-बुधवार रंगकारखान्याच्या कामगारांचे दोन खेळ आहेत ना? दुपारचे. तिथे चला म्हणा की वन्संना." आणि नवऱ्याने डोळे वटारलेले दिसताच जास्तच निरागसपणे म्हणाली, "का? नाहीयेत?"

"आहेत," भोंगा म्हणाला.

"कुठला संच?" अक्काने विचारलं.

"गलबताचा."

चाळीस काचांचा गलबताचा प्रवास. बंदरातून निघतं, वादळात सापडतं, बेटाला लागतं, परत येतं. एकोणीस वर्षांपूर्वी रंगवलेला. तिच्या हातचा सगळ्यात मोठा संच, आणि सगळ्यात जास्त फिरलेला. "मग येणारच," अक्का म्हणाली आणि तेव्हा कुठे तिने पायातलं काढलं.

मंगळवारी कामगारांचा हॉल दुपारी दोन वाजता काळोखा करून ठेवला होता. खिडक्यांना खाकी कागद चिकटवला होता, तरी फटींतून उन्हाच्या सुया आत येत होत्या. बाकांवर शे-सव्वाशे माणसं, बरीचशी बायकापोरांसकट. कामगारांची नखं निळी-तांबडी झालेली. अक्काला ते हात बघून घरच्यासारखं वाटलं. पहिल्या रांगेत तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती. मागे, हॉलच्या मध्यावर, तिकाटण्यावर कंदील. भोंग्याची बायको, म्हणजे वहिनी, पडद्याच्या आडोशाला पत्रा घेऊन बसली, वादळात गडगडाट करायला.

चुन्याची कांडी तापली, उजेड पडला आणि भोंग्याने आवाज चढवला: "मंडळी! बंदरात गलबत उभं आहे! शिडं बघा कशी फुगलीयेत, जशी सासऱ्याने बोलावल्यावर जावयाची छाती!"

हॉल हसला. अक्का पुढे वाकली. तिला दिसला एक उजळ गोळा, धुक्यातल्या कंदिलासारखा. त्यात काहीतरी तांबूस, काहीतरी निळं. बस.

तिने खुर्ची पुढे ओढली. खर्रर्र.

दुसरी काच. निळं थोडं जास्त निळं झालं. परत खुर्ची. खर्रर्र.

"बाई, खुर्चीला चाकं बसवून घ्या!" मागून कुणीतरी म्हणालं. परत हशा.

तिसऱ्या काचेला अक्का उठली. तीस वर्षं भिंगाखाली काम केलेल्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: लांबून दिसत नसेल तर जवळ जायचं. ती सरळ पडद्यापाशी जाऊन उभी राहिली, कडेला, नाक जवळजवळ कापडाला लागेल अशी.

आणि तिला दिसलं.

सगळं नाही. वीतभर. पण त्या वीतभरात गलबताचा दोर होता, तिने दोन केसांच्या कुंचल्याने ओढलेला. भिंगातून बघतानाही तो तिला सुतासारखा वाटायचा. इथे मनगटाएवढा जाड, आणि त्याचे पीळ दिसत होते. ती हळूहळू सरकली, जशी शेळी कुंपणाकडेने पाला खात जाते तशी. दोरानंतर डोलकाठी. डोलकाठीनंतर शिडाची घडी. शिडाच्या घडीत तिने तांबड्यावर जरासा पिवळा सोडला होता. घरी तो दिसत नव्हता म्हणून ती तेव्हा हळहळली होती. इथे तो ढळढळीत होता.

"बाई, खाली बसा!"

"डोकं बाजूला घ्या हो! गलबताला म्हातारी धडकली!"

भोंगा ओरडला, "मंडळी, मंडळी! या माझ्या अक्का. ही सगळी चित्रं यांनी रंगवलीयेत!"

मग मागच्या बाकावरून एका बाईचा ठणठणीत आवाज आला, "मग त्यांना पाठ असतील! आम्हाला बघू द्या की!"

या वेळी सगळ्यात मोठ्याने अक्का हसली. ती पडद्याच्या कडेच्या भिंतीला पाठ लावून चिकटली, जेणेकरून तिची सावली कुणाच्या वाट्याला येऊ नये, आणि मान वाकडी करून बघत राहिली. कंबर धरली, पाय भरून आले. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी भिंतीला पालीसारखं चिकटून उभं राहणं सोपं नसतं. पण वीत-वीत करत ती आपल्याच गलबतातून चालली होती. एका खलाशाचा सदरा तिने विसरून हिरवा केला होता, मागच्या काचेत तो निळा होता. एकोणीस वर्षं कुणाला कळलं नव्हतं. "कपडे बदलले असतील मेल्याने," ती स्वतःशी पुटपुटली.

अकरावी काच झाली. बारावी झाली. मग भोंगा म्हणाला, "...आणि अशा रीतीने मंडळी, गलबत सुखरूप बेटाला लागलं!"

"ऑं?" हॉलमधून एकदम आवाज उठला.

"वादळ कुठाय?"

"अहो वादळ राहिलं! मागच्या वर्षी दाखवलं होतं!"

"आम्ही वादळासाठी आलोय! पोरांना सांगून आणलंय!"

अक्काने मान वळवली. तेरावी काच वादळाची. तिच्याही हिशेबात ती पुढची होती. भोंग्याचा चेहरा तिला दिसत नव्हता, पण त्याचा खोकला ऐकू आला. लहानपणी बरणी फोडली की तो असाच खोकायचा.

"काचेला जरा तडा गेलाय," तो म्हणाला.

पडद्याआडून वहिनी म्हणाली, "अहो, काल तर मी पुसली! ठणठणीत आहे!" आणि तिने आपणहून पत्रा हलवला. गडगडाट झाला. पोरं किंचाळली. आता मागे जायला वाटच उरली नाही.

तेरावी काच सरकली.

भोंगा नाइलाजाने सुरू झाला, पण तो असा माणूस होता की सुरू झाला की थांबता यायचं नाही. "बघा मंडळी, आभाळ बघा! कसं गरगरतंय! वारा आपल्याच शेपटीमागे पळतोय! खलाशी म्हणतात, आयुष्यात असं आभाळ पाहिलं नाही!" वहिनीने पत्रा पिटला. भोंग्याने काच हाताने हळूच डुलवली, गलबत डुललं. सगळा हॉल एका सुरात "हो... हो..." करत बाकांवर डुलायला लागला.

अक्का आभाळाजवळ गेली.

तिने तिथे राखाडी आणि जांभळा लावला होता, गुळगुळीत. तिला पक्कं आठवत होतं. पण तिच्या नाकासमोर रेघा होत्या. बोटभर रुंदीच्या, वळणाऱ्या, एकात एक, एकात एक, वर वर चढत जाणारे वेढे. मध्ये भोवरा. आणि भोवऱ्याला तिरकी कापत गेलेली एक उजळ रेघ.

ती रेघ तिने ओळखली. नऊ वर्षांची असताना काच कापायला शिकताना पहिल्याच दिवशी हेच बोट कापलं होतं. बाबांनी चिंधी बांधली होती आणि म्हणाले होते, "झालं, आता तू कामाची."

तिचं बोट होतं ते. घराएवढं.

एकोणीस वर्षांपूर्वी, आई गेली त्या आठवड्यात. मागणी थांबत नव्हती, धाकट्याला रविवारी निघायचं होतं. ती आठवडाभर दगडाला शिवली नव्हती. वादळ करून दिलं होतं आणि झोपली होती, तपासलं नव्हतं. आणि या मेल्याने पहिल्याच खेळाला ते पाहिलं, आणि सांगितलं नाही. का? कारण हातोडी. पुढचा हंगाम, पुढचा हंगाम! तिला सगळं एकदम कळलं.

पहिली जी भावना आली ती लाजेची. सव्वाशे माणसांसमोर, आणि त्याआधी किती हजार, किती गावं. तिला वाटलं, कापडावरून ते पुसून टाकावं. हात वरही गेला. पण हाताची सावली पडली आणि एक पोरगी ओरडली, "अगं आई, राक्षस!"

हॉल आनंदाने किंचाळला. भोंग्याने ती संधी सोडली असती तर तो भोंगा कसला! "होय मंडळी! वादळाचा राक्षस! गलबत ओढायला आलाय!"

अक्काने हात खाली घेतला. मग, कुणास ठाऊक का, परत वर केला.

वादळ नेहमीपेक्षा बरंच लांबलं. कांडी अर्धी झिजली.

चौदाव्या काचेला ती खुर्चीत येऊन बसली आणि परत उठली नाही. धुक्यातल्या उजेडाकडे बघत राहिली. बेट आलं असावं, परतीचा प्रवास आला असावा. भोंगा सांगत होता आणि माणसं हसत होती. तिला एवढंच जाणवत होतं की पाय ठणकताहेत आणि डोळ्यातून पाणी येतंय. डॉक्टर म्हणाला होता, ताण पडला की येईल.

खेळ संपला. खिडक्यांचा कागद काढला, ऊन आत आलं, माणसं डोळे चोळत बाहेर पडली. भोंगा कंदील निवायची वाट बघत उभा होता. तो तिच्याकडे आलाच नाही. शेवटी तीच काठी टेकत त्याच्याकडे गेली.

"तेरावी दे."

"अक्का, ऐक. मी तेव्हाच सांगणार होतो. पण पहिल्याच खेळाला लोक उठून उभे राहिले, आणि मग..."

"दे म्हणते ना."

त्याने पेटीतून काच काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि तिच्या हातोडीच्या पिशवीकडे बघत राहिला. वहिनीही पत्रा गुंडाळायची थांबली. अक्काने काच खिडकीकडे धरली, नाकाशी आणली, लांब नेली. तिच्या डोळ्यांना हातातल्या त्या काचेत राखाडी ठिपक्याखेरीज काही दिसत नव्हतं. कुठे भोवरा, कुठे रेघ. ती बराच वेळ बघत होती.

"किती जणांनी पाहिलं असेल हे?" तिने विचारलं.

"मी कधी मोजलं नाही."

"एकोणीस वर्षं मूग गिळून बसलास. भोंगा म्हणे!"

"तू फोडली असतीस."

"फोडलीच असती," अक्का म्हणाली. "त्याच रात्री."

तिने काच त्याच्या हातात परत दिली, कडांना धरून, जशी द्यायची असते तशी. मग ती जवळच्या बाकावर बसली, पाय पुढे पसरले आणि गुडघे चोळू लागली.

"उद्याचाही खेळ इथेच ना?"

"इथेच. दोन वाजता."

"मग भिंतीशी एक उंच स्टूल मागून ठेव. माझ्याने उभं राहवत नाही." तिने डोळे मिटले. "वादळाला उगाच घाई करू नकोस. आज वरचं निम्मं आभाळ बघायचं राहिलं."